खेमासुली नावाचं स्टेशन

आमच्या गावात कुणालाही विचारा खेमासुली कुठं आहे, सांगतील. आम्ही पातूर तालुक्यातले, इथल्या माणसाचं काम म्हणजे अकोला, फार तर शेगाव नाहीतर नागपूर, याच्या पलीकडं कशाला कोण जाते. पण २०२३ च्या एप्रिलमधे पाच दिवस आमच्या भावकीतला आणि पारावरचा प्रत्येक माणूस मोबाईलवर बंगालमधल्या त्या एका लहानशा स्टेशनची बातमी पाहत बसला होता, कारण तिथं लोक रुळावर बसले होते आणि आमची लेक त्यामुळं पलीकडं अडकली होती. म्हणजे खरं तर लेक होती तिथंच होती, अडकलो होतो आम्ही.

लेकरासाठी केलेल्या दवाखान्यांचं काही सांगत बसत नाही, ज्यांनी केलं त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून काय उपयोग. २०१९ मधे आम्ही लेकरू दत्तक घ्यायला कारात नाव टाकलं. कारा म्हणजे दिल्लीचं सरकारी ऑफिस, सगळं काम ऑनलाइन, केअरिंग्ज नावाचं पोर्टल आहे. मी घरी शिलाईकाम करते, यांची साडेतीन एकर शेती आणि छोटं खताबियाण्याचं दुकान, त्यामुळं उत्पन्नाच्या दाखल्यालाच तहसीलचे चार चकरा झाले. मग सोशल वर्कर मॅडम घरी आल्या होम स्टडी करायला. मला वाटलं होतं घर पाहतील, भांडी पाहतील, म्हणून मी दोन दिवस घासत होते, तर त्या बाईंनी घराकडं फारसं पाहिलंच नाही, सरळ मामाजींजवळ, म्हणजे माझ्या सासऱ्यांजवळ जाऊन बसल्या आणि विचारलं की बाबा, बाहेरचं लेकरू आलं तर शेतीत वाटा देणार का. मामाजी सुपारी कातरत होते, मान वर न करता म्हणाले, "वाटा कायचा, सारं तिचंच हाय. आमाले दुसरं हाय कोन?" तेव्हा मुलगी की मुलगा हे ठरलं पण नव्हतं, पण मामाजींच्या तोंडून 'तिचं' निघालं. सहा हजार रुपये भरले त्याची पावती आली, रिपोर्ट तयार झाला, आणि मग काही नाही. नंबर पाहायचा आणि झोपायचं. तो रिपोर्ट तीन वर्षंच चालतो, त्यामुळं २०२२ मधे सगळं पुन्हा केलं, पुन्हा दाखले, पुन्हा मेडिकल. लोक विचारायचे काय झालं तुमच्या त्या ऑनलाइनचं, जसं काही मी ऑनलाइन साडी मागवली होती.

राज्य कोणतं पाहिजे असं विचारतात, आम्ही म्हणलं कुठलंही. लेकरू लेकरू असते, झारखंडचं काय आन जळगावचं काय. हे म्हणताना झारखंड किती लांब आहे याचा विचार केला नव्हता एवढं खरं.

पाडव्याच्या चार दिवस आधी मेसेज आला, पोर्टलवर आमच्यासाठी एका लेकराची माहिती आली म्हणून. आमच्या घरात नेटवर्क नाही, फोन गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ ठेवावा लागते, आणि हे कांद्यात होते. मेसेज सकाळचा आणि पाहिला दुपारी. अठ्ठेचाळीस तास असतात ते लेकरू आपल्या नावावर रिझर्व करायला, त्यातले चार-पाच तास तर टाकीजवळच गेले. फोटो उघडायला इतका वेळ लागला की आधी नुसतं डोकं दिसलं, टक्कल केलेलं, मग कपाळ, मग काजळाचे मोठे डोळे. एक वर्ष दहा महिने. उंची ७९ सेंटिमीटर, वजन नऊ किलो. मेडिकल रिपोर्ट घेऊन अकोल्याच्या लेकरांच्या डॉक्टरकडं गेलो, ते म्हणाले रक्त जरा कमी आहे, बाकी पोरगी ठणठणीत. दोघांच्या वयाची बेरीज आमची ८१ होती, दोन वर्षाच्या आतलं लेकरू पाहिजे तर ८५ च्या वर चालत नाही, म्हणजे अजून तीन वर्षं गेली असती तर असं लेकरू आमच्या नशिबातून गेलं असतं. यांनी बटन दाबलं आणि गच्चीवरच खाली बसले.

मग पोरगी जिथं होती त्या संस्थेचा फोन आला. टाटानगरला यायचं, म्हणजे जमशेदपूरला, ६ एप्रिलला दुपारी ३ वाजता दत्तक समितीची बैठक. त्यात संस्थेचे लोक असतात, डॉक्टर असतात, तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस असते. ओरिजिनल कागद सगळे आणा. मी त्या पंधरा दिवसांत पाच फ्रॉक शिवले, रिपोर्टवरून माप घेऊन. उंची होती, डोक्याचा घेर पण दिला होता, कंबर नव्हती. डोक्याचा घेर शिलाईला काय कामाचा सांगा मला.

४ तारखेला रात्री अकोल्याहून हावड्याकडं जाणाऱ्या गाडीत बसलो. कन्फर्म तिकीट, ५ ला संध्याकाळी उशिरा पोचणार, ६ ला दुपारी बैठक, सगळं कसं जागच्या जागी. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, रव्याचे लाडू दिले, लेकराला आणि तिथल्या बायांना पण. नागपूर गेलं, गोंदिया गेलं, सकाळ झाली, रायपूर गेलं. बिलासपूरला लोक एकमेकांना काहीतरी विचारायला लागले. टीसीला विचारलं तर तो म्हणे आगे देखते हैं. आमचे हे हिंदी बोलतात ती नागपूर छाप, "भैया, आगे कायको देखते, अब्बी बताव ना," असं म्हणल्यावर तो टीसी हसला आणि गेला.

झारसुगुडाला संध्याकाळी कळलं. तिकडं खेमासुली आणि कुस्तौर या दोन स्टेशनांवर कुडमी समाजाचे लोक सकाळपासून रुळावर बसलेत, गाडी आता टाटानगरला जाणारच नाही, संबलपूरकडून फिरून हावड्याला जाईल. ज्यांना हावड्याला जायचं ते बसून राहिले, आम्हाला टाटाला जायचं होतं. दोन बॅगा, एक लाडवाचा डबा आणि कागदांची फाइल घेऊन आम्ही ओडिशातल्या एका फलाटावर उतरलो आणि आमची गाडी आमच्यासमोरून निघून गेली. मला रडू आलं नाही, मला भूक लागली होती हे आठवते.

तिथं एक पोरगा भेटला, राउरकेल्याचा, कॉलेजात शिकणारा, त्यानं समजावून सांगितलं. कुडमी लोकांची मागणी आहे की आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या आणि आमची कुडमाली भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत घाला. मागच्या सप्टेंबरमधे पण असेच बसले होते, चार-पाच दिवस. चार-पाच दिवस ऐकल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. मी चिडून म्हणलं यांना आजचाच मुहूर्त सापडला काय. तर हे म्हणाले, "अवं, आपुन नव्हतो का बसलो कापसाच्या भावासाठी हायवेवर? तेव्हा आपुन कोनाले इचारलं होतं का का तुले कुठी जाचं हाय म्हून?" बोलती बंद. पण राग काही गेला नाही, खरं सांगते.

संस्थेतल्या दीदींना फोन लावला. त्या म्हणाल्या, कल तीन बजे तक आ जाइए, डॉक्टर साहब बाद में नहीं मिलेंगे, परसों गुड फ्रायडे है. रिझर्व केल्यापासून तीस दिवसांत हे सगळं पूर्ण व्हायला पाहिजे असते, आमचे अठरा संपले होते, म्हणजे तसे बारा बाकी होते, पण रात्री अकरा वाजता परक्या स्टेशनवर बसल्यावर बाराचे दोनच वाटतात. बायांच्या वेटिंग रूममधे मी फाइल उशाला घेऊन पडले. हे बाहेर फलाटावर. लाडवाचा डबा यांच्याजवळ होता, सकाळी पाहिलं तर चार लाडू कमी. विचारलं तर म्हणे त्या पोराला दिले दोन. आणि बाकीचे दोन? काही बोलले नाहीत.

६ तारखेला एका पॅसेंजरनं राउरकेला गाठलं, ती पण दोन तास उशिरा. तिथून टाटाकडं सरळ काही मिळेना, जीपवाले तोंडाला येईल ते भाव सांगत होते, शेवटी चाईबासाची बस मिळाली. रस्ता जंगलातून, सालाची उंच झाडं, लाल माती, आणि मोहाचा वास. एप्रिल म्हणजे मोहफुलाचे दिवस, बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वेचत होत्या, अगदी आमच्या मेळघाटाकडं वेचतात तशा. त्या वासानं मला जरा बरं वाटलं, इतकं लांब येऊन पण झाड ओळखीचं निघालं. तीन वाजले तेव्हा बस एका गावात पंक्चर काढत उभी होती. मी घड्याळाकडं पाहिलं, यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि दोघांनी पण खिडकीबाहेर पाहिलं. दीदींचा फोन लागत नव्हता.

टाटाला रात्री आठ वाजता पोचलो. लॉजवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, कंपनीत काम आहे का. यांनी सांगितलं बेटी लेने आए हैं. तो म्हणाला होस्टेल से? हे म्हणाले, हां, वैसाच कुछ.

७ ला गुड फ्रायडे, ऑफिस बंद. पण आम्ही गेलोच, सकाळी नऊ वाजता गेटवर जाऊन उभे राहिलो. वॉचमन म्हणे आज कुछ नहीं होगा. मी म्हणलं नाही होऊ दे, आम्ही इथं बसतो. उन्हात बसलो. अर्ध्या तासानं दीदीच आल्या, त्यांची सुट्टी असूनही, आणि म्हणाल्या मीटिंग तो कल हो गई, लेकिन आपका केस रखा है, कल सुबह डॉक्टर साहब ओपीडी से पहले आएँगे. मग आमच्या तोंडाकडं पाहून म्हणाल्या, एक घंटा मिल लीजिए.

आता हे कसं सांगू. आपण मनात चार वर्षं एक चित्र करून ठेवलेलं असते की लेकरू येईल, पाहील, हात पसरेल. असं काही नसते, कुणी तयारीत असाल तर हे आधीच ऐकून ठेवा. तिला घेऊन एक म्हातारी मौसी आली, तिथं सांभाळणाऱ्या सगळ्या बायांना लेकरं मौसी म्हणतात. पायात पीं पीं वाजणाऱ्या लाल सँडल. चार पावलं पीं पीं करत आली, आम्हाला पाहिलं, आणि मौसीच्या लुगड्यात तोंड घातलं. मी फ्रॉक दाखवला, बाहुली दाखवली, लाडू पुढं केला. काही नाही. यांनी तर घाबरून नमस्कारच केला तिला, दोन्ही हात जोडून. मौसी हसायला लागली.

मग मी गप बसले. पिशवीत झारसुगुडाला घेतलेली मुढी होती, मुढी म्हणजे आपले मुरमुरे, तिकडं सकाळ-संध्याकाळ तेच खातात. मी एकटीच खायला लागले, तिच्याकडं न पाहता. थोड्या वेळानं पीं. मग पुन्हा पीं. एक हात आला, एक मुरमुरा उचलला, खाल्ला. दुसरा उचलला आणि माझ्या तोंडाजवळ आणला. मी तोंड उघडलं तर तिनं तो परत घेऊन स्वतःच खाल्ला आणि हसली. माझे पाच फ्रॉक, यांची बाहुली, आत्याबाईंचे लाडू, आणि काम केलं कशानं तर दहा रुपयाच्या मुरमुऱ्यानं.

त्या तासात मौसीनं मला जे सांगितलं ते कुठल्याच रिपोर्टमधे नव्हतं. झोपताना उजवा कान धरते, स्वतःचा नाही, बाजूच्याचा. रात्री उठली तर दूध नको, पाणी दे. डाळ-भात खाते पण डाळ वेगळी नको, कालवून दे. लाइट बंद झाली तर रडते. आणि जाताना तिचे इथले जुने कपडे धुऊ नका काही दिवस, वास राहू द्या, नाहीतर तिला वाटेल सगळंच गेलं. मी ते मोबाईलमधे लिहून घेतलं. मौसी बोलताना तिच्या केसावरून हात फिरवत होती, केस कुठले, खुंटच होते. ती बाई एक वर्ष रोज तिला झोपवत होती आणि उद्या आम्ही नेणार होतो, याचा विचार मी चार वर्षांत एकदा पण केला नव्हता.

८ ला सकाळी डॉक्टर आले, दहा मिनिटांत सह्या झाल्या. त्यांनी विचारलं क्या करते हैं, हे म्हणाले खेती, डॉक्टर म्हणाले अच्छा है. पन्नास हजार चाइल्ड केअर कॉर्पसचे, म्हणजे लेकरांच्या सांभाळाच्या निधीचे, संस्थेच्या खात्यात भरले होते त्याची पावती लावली, प्री-अॅडॉप्शन फॉस्टर केअरचं पत्र झालं, त्यावर आमचा तिघांचा फोटो. हे पत्र म्हणजे दत्तकाचा शेवटचा हुकूम नाही, तो नंतर तिथले जिल्हाधिकारी देतात. आधी कोर्टात जावं लागायचं, २०२२ च्या सप्टेंबरपासून ते काम कलेक्टरकडं आलं. पण लेकरू तोपर्यंत आपल्याजवळ राहते ते या पत्रावर. दीदी म्हणाल्या हे पत्र बॅगेत नको, अंगावर ठेवा. मी तीन झेरॉक्स काढल्या, एक यांच्या शर्टात, एक फाइलमधे, एक लाडवाच्या रिकाम्या डब्यात, आणि ओरिजिनल माझ्या ब्लाउजमधे. हसू नका, पुढं कामी आलं.

आता परत कसं जायचं. रुळ अजून बंदच होते, हावड्याहून येणाऱ्या गाड्या रद्द. पण टाटानगरहूनच सुटून नागपूरच्या इतवारी स्टेशनला येणारी एक गाडी होती, ती खरगपूरकडून, म्हणजे लोक बसले होते त्या बाजूनं, येतच नाही, त्यामुळं ती सुटणार असं समजलं. रिझर्वेशन फुल. आधी जनरलमधे घुसलो, मग एका काकूंनी लेकराला पाहून स्लीपरमधे आपल्या बर्थवर जागा दिली, टीसीनं पावती फाडली आणि जाऊ दिलं. पाच वर्षाच्या आतलं लेकरू असल्यानं तिचं तिकीट नाही. दीदी आणि मौसी स्टेशनवर आल्या होत्या. गाडी हलली तशी मौसी खिडकीसोबत चालत आली आणि ही आतून "मौसी, मौसी". पुढचा एक तास काय झालं ते लिहिणार नाही. अख्खा डबा जागा होता एवढं सांगते.

मग ती थकली. मी तिला मांडीवर घेतलं तर अंग ताठ. मधेच तिनं हात लांब करून अंधारात काहीतरी शोधलं, आणि सापडला तो यांचा कान. धरला आणि झोपली. हे बर्थच्या कडेवर वाकडे बसलेले, मान तिरपी, आणि रात्रभर तसेच. सकाळी मान वळेना. मी म्हणलं हळूच सोडवून घ्यायचा ना, तर म्हणाले, "सोडवला असता तं जागी झाली असती ना बाप्पा."

बिलासपूरला सकाळी पुन्हा रडणं सुरू झालं. मी मराठीत समजावते आहे, ती हिंदीत मौसी मौसी करते आहे, दोघींचा चेहरा एकमेकींशी कुठंच जुळत नाही. समोरच्या बर्थवरच्या एका माणसानं आमच्याकडं दोन-तीनदा पाहिलं आणि उठून गेला. पाच मिनिटांत आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, लेडी कॉन्स्टेबल आली. बच्ची किसकी है. मी म्हणलं हमारी है. नाम क्या है. आता नाव सांगायचं कोणतं, संस्थेतलं की आम्ही ठेवलेलं, मी अडखळले, आणि अडखळले म्हणजे झालंच. फाइल होती बॅगेत, बॅग खाली, खाली सामान. ब्लाउजमधून पत्र काढलं, घामानं ओलं झालेलं. तिनं पूर्ण वाचलं, फोटो पाहिला, संस्थेच्या नंबरवर फोन लावला, दीदींनी उचलला म्हणून वाचलो. त्या वेळी मला फार अपमान वाटला, डबाभर लोक पाहत होते. आता वाटते त्या माणसानं आणि त्या कॉन्स्टेबलनं केलं ते बरोबरच केलं, उद्या खरंच कोणी कोणाचं लेकरू घेऊन पळत असेल तर असंच कोणीतरी उठून गेलं पाहिजे. जाताना तिनं पोरीच्या गालाला हात लावला, तर ही तिला म्हणाली, "मौसी". सगळ्याच बाया मौसी होत्या तिच्यासाठी. मी पण.

इतवारीला उतरलो ९ तारखेला, संध्याकाळ झाली होती, आभाळ काळंभोर. गर्दीत उतरताना तिची एक सँडल गाडी आणि फलाटाच्या मधल्या फटीत पडली. ती वाकून पाहते आहे, हे वाकून पाहतात, मी दोघांना मागं ओढते. खाली लाल दिसत होती, पण काढणार कशी. मग एका पायात सँडल, एक पाय उघडा, अशी पीं, गप, पीं, गप करत निघाली. ऑटोनं मोठ्या स्टेशनवर, तिथून अकोल्याची गाडी.

अकोल्याला साडेअकरा वाजले रात्रीचे. वादळ येऊन गेलं होतं, अर्ध्या शहरात लाइट नाही, रस्त्यावर पाणी आणि फांद्या. भाचा क्रूझर घेऊन आला होता. कापशीच्या पुढं बाभळीचं झाड आडवं, तारा खाली, त्या पोरानं आणि मागच्या ट्रकवाल्यांनी कुऱ्हाडीनं फांद्या तोडून वाट केली, तोपर्यंत आम्ही गाडीत. गारा पडल्या होत्या, रस्त्याच्या कडेला पांढरा थर. तिनं खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "मुढी".

घरी पोचलो दीड वाजता, गावात अंधार, आणि मौसीनं सांगितलेलं की अंधारात रडते. पण आत्याबाईंनी अंगणापासून देवघरापर्यंत जेवढे होते तेवढे दिवे लावून ठेवले होते, त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, लाइट नव्हती म्हणून लावले. ओवाळलं. मामाजींनी बँड सांगितला होता, सकाळी वाजत गाजत वेशीपासून आणायचं असं ठरलं होतं. तो त्यांनी रात्रीच फोन करून नको म्हणून सांगितला, कारण आमच्याच जिल्ह्यातल्या पारस गावाची बातमी आली होती. बाबूजी महाराजांच्या मंदिरात आरतीला जमलेल्या लोकांवर, टिनाच्या शेडवर कडुनिंबाचं मोठं झाड पडलं, सात माणसं गेली. आमच्या गावातले पण लोक तिथं जातात. त्या रात्री बँड वाजवणार कसा. आणि आमचा कांदा पण गारांनी झोपला होता, दीड एकर, काढायला आठ दिवस राहिले होते. ते मामाजींनी आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं, तोपर्यंत यांना शेताकडं जाऊच दिलं नाही, काही ना काही काम काढत राहिले घरी.

पुढचं लवकर सांगते. जूनमधे कलेक्टरसाहेबांच्या हुकमासाठी पुन्हा टाटाला गेलो, गाडी वेळेवर गेली, वेळेवर आली, काहीच झालं नाही म्हणून सांगण्यासारखं पण काही नाही. हुकूम मिळाला, त्यावरून जन्माचा दाखला झाला, त्यात आमची नावं. मौसी भेटली, हिनं तिला ओळखलं, कडेवर गेली आणि पाच मिनिटांनी परत यांच्याकडं आली, मौसीनं तोंड वळवून डोळे पुसले. दर सहा महिन्यांनी सोशल वर्कर मॅडम यायच्या, दोन वर्षं. त्यांनीच सांगितलं की लेकराला लहानपणापासून खरं सांगत जा, मोठी झाल्यावर बाहेरून कळण्यापेक्षा बरं. म्हणून आम्ही गोष्टीसारखं सांगतो, तू टाटाला होतीस, आम्ही निघालो, लोक रुळावर बसले, बस पंक्चर झाली, गारा पडल्या. खेमासुली शब्द तिला फार आवडते, भांडण झालं की अंगणवाडीतल्या पोरांना म्हणते खेमासुली करीन.

उरलेली सँडल अजून आहे, शिट्टी गेली तिची, देवघराच्या खाली पडलेली असते. मागच्या महिन्यात दुकानाच्या कामानं नागपूरला चाललो होतो तर ही सकाळीच ती सँडल पिशवीत घालून दारात उभी. म्हणलं हे कशाला, तर म्हणे, "इतवारीले चाल ना माय, दुसरी तिथीच हाय. जोडी करून आनू."